‘राणा भीमदेवी’ आणि इतर : बढाईवाचक शब्दांच्या अर्थापकर्षाचा इतिहास

मराठीत स्वतःविषयी मोठे बोलणाऱ्या माणसाला नावे ठेवण्यासाठी शब्दांची वाण नाही. बढाईखोर, फुशारक्या, बाताड्या, थापाड्या, गप्पीदास, बोलघेवडा, वाचिवीर, दीडशहाणा, टिकोजीराव, लाटसाहेब अशी ही यादी सहज लांबवता येते. कोशकारांनी या शब्दांचे अर्थ दिले आहेत आणि ते बहुतेक ठिकाणी एकमेकांत मिसळून गेले आहेत. परंतु एखादी भाषा एकाच दोषाला इतकी नावे देते तेव्हा तिला त्या दोषाचे वर्णनच करायचे असते असे नाही. पुष्कळदा तिला काही सीमारेषा आखायच्या असतात. मोठे बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, कोणासमोर आहे आणि तो केव्हा संपतो, याचा निवाडा या शब्दांतून होत असतो. हा निवाडा इतिहासात कसा घडत गेला याचा शोध शब्दार्थशास्त्राइतकाच साहित्येतिहासाचाही विषय आहे. कारण या शब्दांपैकी निदान एक, ‘राणा भीमदेवी’, थेट रंगभूमीवरून रोजच्या बोलण्यात आला आहे, आणि त्याचे धागे सातारा जिल्ह्याशी जुळलेले आहेत.

१

प्रथम या शब्दांचे वाक्यातील स्थान पाहिले पाहिजे. शिरवळ, खंडाळा, वाई या पट्ट्यात कानी पडणारी वाक्ये साधारणतः अशी असतात : ‘लई बाता मारू नगंस’, ‘कशापायी शेखी मिरवतोस?’, ‘तू काय लई मोठा लागून गेलायस व्हय?’, ‘त्यो निस्ता बोलघेवडा हाय, त्याच्या नादी लागू नगा’. प्रमाण बोलीतील ‘उगाच फुशारक्या मारू नकोस’ किंवा ‘एवढ्या राणा भीमदेवी थाटात सांगायला नको होते’ ही वाक्ये याच जातीची. या सर्व वाक्यांत दोनच व्याकरणिक स्थिती आढळतात. समोर असलेल्या माणसाला उद्देशून नकारार्थी आज्ञा किंवा प्रश्न येतो, नाही तर समोर नसलेल्या माणसाविषयी निवेदन येते. प्रथमपुरुषी होकारार्थी वाक्य मात्र जवळजवळ आढळत नाही. ‘मी बढाईखोर आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही व्यवहारात ते कोणी बोलत नाही. प्रथमपुरुष येतो तो नकाराच्या आधाराने : ‘बढाई म्हणून सांगत नाही, पण…’ अशी प्रस्तावना करून बोलणारा पुढे नेमकी बढाईच सांगतो, आणि ऐकणाराही ती प्रस्तावना शिष्टाचार म्हणून स्वीकारतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बढाई हा उक्तीचा अंगभूत गुण नसून श्रोत्याने तिला दिलेले नाव आहे. तेच वाक्य एका श्रोत्याला आत्मविश्वासाचे वाटते, दुसऱ्याला फुशारकीचे. म्हणून बढाईवाचक शब्दाचा अर्थ सांगताना बोलणाऱ्यापेक्षा नाव ठेवणाऱ्याकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

क्रियापदांची संगतीही अर्थपूर्ण आहे. बढाई, फुशारकी आणि बाता ‘मारतात’, थापा ‘ठोकतात’, शेखी आणि तोरा ‘मिरवतात’, टिमकी ‘वाजवतात’, गमजा ‘करतात’. यांतील ‘मिरवणे’ आणि ‘वाजवणे’ ही मिरवणुकीची व वाद्याची क्रियापदे आहेत. त्यांना रस्ता लागतो, गर्दी लागते, पाहणारे डोळे लागतात. टिमकी हे लहानसे वाद्य. ते दुसऱ्याने आपल्यापुढे वाजवायचे असते. ते ज्याला स्वतःच वाजवावे लागते त्याची मिरवणूक निघालेली नाही, हे त्या वाक्प्रचारात गृहीत आहे. उपहासाचे मूळ या अभावात आहे.

२

यांपैकी अनेक शब्दांच्या मूळ अर्थात उपहास नव्हता. ‘वल्गना’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी असलेला ‘वल्ग्’ हा धातू उडी घेण्याचा, दौडण्याचा अर्थ सांगतो. त्या हालचालीत जोम आहे, पोकळपणा नाही. ‘शेखी’चे मूळ असलेला अरबी ‘शेख’ म्हणजे वडीलधारा, मान्यवर. ‘मिजास’ हा ‘मिजाज’ म्हणजे प्रकृती वा स्वभाव. ‘दिमाख’ म्हणजे मेंदू. ‘गमजा’ म्हणजे डोळ्याने केलेला लाडिक इशारा. दक्षिणेतील सुलतानी दरबारांच्या सहवासात हे शब्द मराठीत आले आणि येथे रुळता रुळता त्यांचा अर्थापकर्ष झाला. शिवकाळात राजव्यवहारकोशाने कचेरीतील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण घरगुती भांडणातील शेखी, मिजास, गमजा यांना कोणी पर्याय शोधला नाही. दरबार गेला, त्याचे शिष्टाचार गेले, आणि त्या शिष्टाचारांची नावे मागे राहून दूषणे बनली. ‘बढाईखोर’ या शब्दातील ‘खोर’ हा फार्सी प्रत्ययही ‘खाणारा’ असा अर्थ घेऊन आला. लाचखोर, चहाडखोर, भांडखोर यांच्या पंक्तीत बसल्यावर त्याच्याकडून प्रतिष्ठेची अपेक्षा उरली नाही.

याच्या उलट घडलेली उदाहरणेही तपासली पाहिजेत. ‘विडा उचलणे’, ‘शड्डू ठोकणे’, ‘दंड थोपटणे’ हेही स्वतःचे सामर्थ्य जाहीर करण्याचेच प्रकार आहेत. तरीही त्यांचा अर्थापकर्ष झालेला नाही. निवडणुकीच्या बातमीत एखाद्याने शड्डू ठोकल्याचे वाचताना कोणी त्याला हसत नाही. याचे कारण या वाक्प्रचारांच्या मुळाशी असलेल्या प्रसंगांत आहे. जत्रेच्या फडात मल्लाने शड्डू ठोकला की पुढच्याच क्षणी जोड लागते. दरबारात विडा उचलला की मोहीम अंगावर येते. घोषणा आणि कसोटी यांच्यात अंतर राहत नाही. ज्या जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, तेथील बोलीत शड्डूची प्रतिष्ठा टिकून राहिली यात आश्चर्य नाही.

तेव्हा एक तात्पुरता नियम मांडता येतो : ज्या उक्तीला कसोटी जोडलेली आहे तिची ‘प्रतिज्ञा’ होते आणि जिची कसोटी सुटली आहे तिची ‘बढाई’ होते. या नियमाची परीक्षा इतिहासलेखनात घेता येईल.

३

नीरेच्या काठचे शिरवळ हे या परीक्षेसाठी योग्य ठिकाण आहे. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत येथील सुभानमंगळ हा भुईकोट आदिलशाही फौजेने घेतला आणि शिवाजी महाराजांच्या कावजी मल्हार या सरदाराने तो परत जिंकला. या मोहिमेचे काव्यमय वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. महाकाव्याच्या संकेतानुसार तेथे शस्त्रांआधी शब्द येतात. योद्ध्यांना धीर देणारी, शत्रूला कमी लेखणारी भाषणे येतात. संस्कृत नाट्यशास्त्राने या बाबतीत स्पष्ट भेद केला आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त धीरोदात्त नायक ‘अविकत्थन’ म्हणजे आत्मप्रौढी न मिरवणारा मानला आहे, तर धीरोद्धत नायक ‘विकत्थन’ ठरवला आहे. म्हणजे बढाई हा नायकत्वाला बाद करणारा दोष नाही. नायकाचा प्रकार ठरवणारे ते लक्षण आहे. दोघेही ‘धीर’ आहेत, हे येथे विसरता येत नाही.

खंबाटकी घाट ओलांडून वाईकडे गेले की दुसरे उदाहरण भेटते. १६९७ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत अफजलखान भर दरबारात मोहीम स्वीकारतो आणि घोड्यावरून न उतरता शिवाजीला जिवंत पकडून आणण्याचे बोलतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली खान मारला गेला. बखरीच्या वाचकाला हा शेवट आधीच माहीत असतो, त्यामुळे खानाचे वाक्य त्याच्या कानावर बढाई म्हणूनच पडते. आता त्याच्या शेजारी तानाजी मालुसऱ्यांविषयीची परंपरा ठेवावी. मुलाचे लग्न बाजूला ठेवून आधी कोंढाणा घेण्याचे बोलणे हीसुद्धा फलनिष्पत्तीपूर्वीची घोषणाच होय. १६७० साली गड आला आणि तानाजी पडले; ते बोलणे प्रतिज्ञा ठरले. दोन्ही उक्तींची वाक्यरचना एकाच घाटाची आहे. दोघांनीही बोललेल्या शब्दासाठी प्राण दिले.

मग फरक यशापयशाचा मानावा काय? तसेही म्हणता येत नाही. १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर जखमी दत्ताजी शिंद्यांनी वाचलो तर पुन्हा लढू असे उत्तर दिल्याची आठवण मराठी मनाने जपली आहे. ते वाचले नाहीत, लढाईही हातची गेली. तरी त्या उत्तराला कोणी फुशारकी म्हटलेले नाही. कसोटीचा नियम येथे अपुरा पडतो. खान, तानाजी आणि दत्ताजी या तिघांच्याही उक्तींना सर्वांत कठोर कसोटी जोडलेली होती. भेद पडतो तो निवेदकामुळे. खानाचे वाक्य त्याच्या शत्रुपक्षाच्या बखरकाराने सांगितले आहे. विजापूरच्या एखाद्या निवेदकाने तेच वाक्य स्वामिनिष्ठेची शपथ म्हणून सांगितले असते. शिवाजी महाराजांच्या पक्षाचे यश आणि त्या संघर्षाचे मोल यांत यामुळे उणेपणा येत नाही. वाङ्मयीन पुरावा कसा वाचावा एवढाच हा मुद्दा आहे. तेव्हा नियम सुधारून घ्यावा लागतो : उक्तीला कसोटी असणे आवश्यक आहे, पण ती कसोटी मान्य करणारा निवेदक मिळणे त्याहून आवश्यक आहे. ज्याची गोष्ट दुसराच सांगतो त्याच्या शब्दाची बढाई होण्याचा धोका नेहमी राहतो.

४

१८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. त्याबरोबर बिरुदे ललकारण्याची, मानाचे विडे देण्याची, दरबारात शब्द टाकण्याची जागा संपुष्टात आली. वीरोक्तीला नवी जागा मिळाली ती रंगभूमीवर. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील राक्षसपात्रे आरडाओरड करीत, स्वतःचा पराक्रम गाजवीत प्रवेश करीत. पुढील पिढीने त्या आरोळीवरून अशा नाटकांना ‘अललडुर्र’ हे हेटाळणीचे नाव दिले. येथे विकत्थन हा राक्षसाचा धर्म होता आणि प्रेक्षकाला त्याचे भय व गंमत दोन्ही वाटत होते.

१८८१ साली साताऱ्यात शाहूनगरवासी नाटक मंडळी स्थापन झाली. शाहूनगर हे साताऱ्याचेच प्रतिष्ठेचे नाव. राज्य जाऊन तेहतीस वर्षे झालेल्या नगराचे मानाचे नाव एका गद्य नाटक कंपनीने धारण करावे, ही घटना लक्षणीय आहे. दरबार उरला नव्हता, परंतु दरबारी बोलणे ऐकण्याची भूक उरली होती. या मंडळीच्या खेळांत वासुदेव रंगनाथ शिरवळकर यांचे ‘राणा भीमदेव’ हे नाटक होते. नाटककाराचे आडनावच शिरवळची आठवण देणारे आहे. या नाटकातील आवेशपूर्ण, लांब पल्ल्याच्या, टाळ्या घेणाऱ्या भाषणशैलीने प्रेक्षकांना असे भारून टाकले की नाटकाचे नाव त्या शैलीचे विशेषण बनले. ‘राणा भीमदेवी थाट’, ‘राणा भीमदेवी भाषण’, ‘राणा भीमदेवी आविर्भाव’ ही रूपे रोजच्या मराठीत आली. नाटक रंगभूमीवरून गेले, विशेषण राहिले, आणि ते राहिले ते उपहासाच्या अर्थाने. आज हा शब्दप्रयोग करणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्यामागे एक नाटक आहे याची जाणीवही नसते.

हा अर्थापकर्ष अपघाताने झालेला नाही. नटाची उक्ती ही मुळातच कसोटीपासून मुक्त असते. त्याला रात्री पडदा पडल्यावर गड घ्यावा लागत नाही. राज्य गमावलेल्या समाजाने ती उक्ती ऐकताना जो रोमांच अनुभवला त्यात पराधीनतेवरचा तात्पुरता उतारा होता. आणि उतारा संपल्यावर येणारा संकोचही त्यातच होता. काल आपण ज्याला टाळ्या दिल्या त्याला आज हसून मोकळे होणे हा त्या संकोचाचा एक परिहार. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले तोपर्यंत अभिरुचीने आपला कौल बदलला होता. बैठकीच्या खोलीत, नित्याच्या आवाजात बोलणारी पात्रे हे नव्या नाट्याचे ध्येय ठरले आणि ‘राणा भीमदेवी’ ही त्या ध्येयाची विरुद्ध बाजू झाली.

परंतु याच शाहूनगरवासी मंडळीच्या इतर नाटकांकडे पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) हे भाषांतर केले आणि गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. शेक्सपिअरचा हॅम्लेट एका स्वगतात स्वतःलाच दोष देतो की सूड घेण्याऐवजी आपण शब्दांनीच मन हलके करीत आहोत. म्हणजे बढाईचा आरोप तेथे वक्ता स्वतःवर करतो. वर दाखवलेले, व्यवहारात न आढळणारे प्रथमपुरुषी वाक्य रंगभूमीवर शक्य होते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंजारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर तर या चर्चेच्या केंद्राशीच येते. मूळ नाटकात ऑथेल्लो राजसभेसमोर आपल्या प्रवासांची व संकटांची हकिगत सांगतो आणि सभा ती प्रामाणिक निवेदन म्हणून मान्य करते. पुढच्याच अंकात इयागो त्याच हकिगतीला बढाया आणि कपोलकल्पित खोटे ठरवतो. निवेदन एकच, नावे दोन. ऑथेल्लो परका आहे, वर्णाने वेगळा आहे. त्याच्याजवळ कुळाची परंपरा सांगणारा भाट नाही, म्हणून आपली गोष्ट त्याला आपल्याच तोंडाने सांगावी लागते. इयागोचे वाक्य नेमके या जागी घाव घालते. जिच्या नाटकाने मराठीला बढाईचे एक विशेषण दिले त्याच मंडळीने बढाईच्या आरोपाची ही शोकांतिकाही मराठी प्रेक्षकांसमोर उभी केली होती. भाषेने पहिले तेवढे उचलले.

५

येथे बढाईवाचक शब्दांचा सामाजिक क्रम पाहणे क्रमप्राप्त होते. हे शब्द समानार्थक नाहीत. ते श्रेणीनुसार वाटले गेले आहेत. वरिष्ठाने स्वतःचे मोठेपण दाखवले तर त्याला ‘रुबाब’, ‘दरारा’, ‘ऐट’ म्हणतात. बरोबरीच्या माणसाने दाखवले तर ‘बढाई’, ‘फुशारकी’, ‘बाता’ होतात. कनिष्ठ मानलेल्या माणसाने दाखवले तर मात्र शब्द बदलतात : तो ‘शेफारला’, त्याला ‘मिजास आली’, तो ‘माजला’. स्त्रीच्या बाबतीत ‘तोरा’ आणि ‘नखरा’ पुढे येतात. जणू तिने दावा केला तरी तो कर्तृत्वाचा असणार नाही, रूपाचा किंवा रागाचाच असेल. बढाईखोरावर हसले जाते; माजलेल्याला वठणीवर आणले जाते. पहिल्या शब्दात करमणूक आहे, दुसऱ्यात शिक्षेची पूर्वसूचना आहे.

दुसऱ्या टोकाचा दोष, म्हणजे खोटा विनय, यासाठीही मराठीत शब्द आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिविवेचनात सत्यवादी मनुष्य हा बढाईखोर ‘अलाझोन’ आणि स्वतःला कमी लेखणारा ‘आयरोन’ यांच्या मध्ये ठेवला आहे. मराठीत आयरोनच्या जवळ जाणारा शब्द ‘मानभावी’. आणि तो ‘महानुभाव’ या पंथनामावरून आला आहे. एका पंथाच्या नम्र आचाराला प्रतिपक्षाने ढोंग ठरवले आणि पंथाचे नावच दूषण झाले. मोठे बोलले तर बढाईखोर, लवून बोलले तर मानभावी. प्रतिपक्षाने सांगितलेल्या गोष्टीत बोलणाऱ्याला निर्दोष जागाच उरत नाही. अफजलखानाच्या उदाहरणातून हाती आलेला नियम येथे पुन्हा खरा ठरतो.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील काही ग्रंथांकडे या दृष्टीने परत गेले पाहिजे. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात पुरुषांच्या गुणांचे दावे एकेक करून तपासायला घेतले. त्यांची पद्धत हिशेब मागण्याची आहे : दावा कोणता, त्यामागे कृती कोणती. बढाई ओळखण्याचा अधिकार आतापर्यंत ज्यांच्याकडे होता त्यांनाच आरोपीच्या जागी उभे करणे हे त्या ग्रंथाचे वाङ्मयीन धाडस होय. त्याच्या तेरा वर्षे आधी, १८६९ साली, ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला आणि त्यांना ‘कुळवाडीभूषण’ हे बिरुद दिले. बिरुद देणे हे भाटाचे काम. फुल्यांनी ते कुळवाड्यांच्या वतीने केले. ज्यांना निवेदक नव्हता त्यांना निवेदक देण्याचा तो प्रयत्न होता. फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) शंभराहून अधिक वर्षांनी आले, आणि त्यात स्वतःची गोष्ट स्वतःच सांगण्याची तीच गरज दिसते. मात्र तेथे पराक्रमाच्या जागी अपमान आणि उपासमार आहे. ‘स्वतःविषयी इतके कशाला बोलावे?’ हा प्रश्न दलित-भटक्या समाजांतील आत्मकथनांना जेव्हा जेव्हा विचारला जातो, तेव्हा त्यामागे बढाईवाचक शब्दांचीच शिस्त उभी असते. भाट, बखरकार आणि चरित्रकार ज्यांच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांना प्रथमपुरुषाची गरजच पडली नव्हती. त्यांचा विनय या सोयीवर उभा होता.

समीक्षेच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली गोष्ट ‘राणा भीमदेवी’ या विशेषणाच्या वापराविषयी. एखाद्या कवितेला, भाषणाला किंवा नाट्यप्रवेशाला हे विशेषण लावले की चर्चा संपते. वास्तवात त्या ठिकाणी ती सुरू व्हायला हवी. ही उक्ती कोणासमोर केली आहे, तिला जोडलेली कसोटी कोणती, ती नाहीशी झाली असेल तर कधी आणि कशी, हे प्रश्न विचारल्यावाचून तो शब्द निकाल म्हणून वापरता येणार नाही. दुसरी गोष्ट अभिरुचीच्या इतिहासाविषयी. संयत, नित्याच्या आवाजातील लेखन श्रेष्ठ आणि उंच स्वरातील लेखन हिणकस, हे समीकरण विसाव्या शतकातील मराठी समीक्षेने पुष्कळ अंशी गृहीत धरले. ते समीकरण सातारच्या खालसा झालेल्या दरबारातून, शाहूनगरवासीच्या रंगमंचावरून आणि नाट्यमन्वंतराच्या दिवाणखान्यातून घडत आलेले आहे. म्हणजेच ते एका काळाचे आणि एका वर्गाचे आहे. ज्यांचा शब्द ऐकला जाण्यासाठी आवाज चढवावाच लागतो, अशांच्या लेखनाला ते जसेच्या तसे लावता येत नाही.

शिरवळच्या बाजारात कोणी ‘लई बाता मारू नगंस’ म्हणतो तेव्हा बहुधा तो एका मित्राला जमिनीवर आणत असतो, आणि त्यात जिव्हाळाही असतो. हेच वाक्य गावाच्या वेशीबाहेरून आलेल्या माणसाला म्हटले गेले तर त्याचा अर्थ बदलतो. कोश दोन्हींची नोंद एकाच शब्दाखाली करील. त्यांतील भेद सांगणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.